मधली खुर्ची

आमच्या सासूबाई कुठल्याच फोटोत बसलेल्या नव्हत्या. लग्नाच्या फोटोत सासरे खुर्चीवर पाय रोवून बसलेले आणि ह्या शेजारी उभ्या, खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून. स्टुडिओवाल्यांची तेव्हा तशीच रीत होती. पुढच्या फोटोंत खुर्च्यांवर त्यांचे सासू-सासरे, आत्या, कुणी तरी लांबचे काका, आणि सुना मागे उभ्या. "मधल्या खुर्चीवर बसायला वय लागतं," त्या म्हणायच्या, "आणि माझं वय झालं तेव्हा पोरं निघून गेली ऑस्ट्रेलियाला." मोबाइल आल्यावर तर विचारूच नका. त्यातल्या फोटोंत कुठे हातात पातेलं, कुठे अर्धा खांदा, कुठे नुसता पदर.

मी त्यांना आई म्हणायचे. फार गोडीगुलाबीचं नातं होतं असं कुणी समजू नये. त्यांची जीभ तिखट आणि माझं डोकं तापट, त्यामुळे भांडणं भरपूर झाली. पण भांडताना त्या समोर बसायच्या, माझ्याकडे बघून बोलायच्या. सासरी तेवढंही दुसरं कुणी करत नसे.

माझे थोरले दीर सिडनीत डॉक्टर आहेत, जाऊबाईही डॉक्टर. आम्ही दोघं तिथून ट्रेनने दीड तासावर, वॉलॉंगॉंगला. नवरा पोर्ट केम्ब्लाच्या स्टीलच्या कारखान्यात इंजिनिअर, मी इथल्या एका हायस्कूलमध्ये आर्ट शिकवते. भाऊजी पाहुण्यांना माझी ओळख करून देताना "ही आमची ड्रॉइंग टीचर" असं म्हणत आणि मग हसत. का हसत ते मला कधी कळलं नाही, पण पाहुणेही हसत. आई थोडे महिने त्यांच्याकडे आणि थोडे आमच्याकडे असायच्या. तिकडे मोठं घर, आमच्याकडे दोन खोल्या आणि खिडकीतून कारखान्याच्या चिमण्या. तरी ट्रेनने इकडे यायचं म्हटलं की त्यांची पिशवी आदल्या दिवशीच भरलेली असे.

आईंचं सहस्रचंद्रदर्शन जवळ आलं तेव्हा जाऊबाईंनी ठरवलं, ह्या वेळी फोटो नको, सगळ्या कुटुंबाचं पेंटिंग करून घेऊ. त्यांनी तसं एक कुठल्या तरी मोठ्या सर्जनच्या घरी पाहिलं होतं. ते काढणारी ऑस्ट्रेलियन बाई नावाजलेली होती आणि म्हणे तिच्या कामावर जपानी छाप होती. जाऊबाई फोनवर हे सांगताना "जॅपनीज" हा शब्द इतक्या मऊपणे उच्चारत होत्या, की मला वाटलं, आता गालिचाही बदलणार.

आईंना मी सांगितलं तेव्हा त्या तांदूळ निवडत होत्या. "रंगवलेलं? राजेरजवाड्यांसारखं?" आणि मग खाली मान घालूनच, "मला मधे बसवतील ना गं?"

"आई, सत्कार तुमचा आहे. तुम्हाला नाही तर कुणाला बसवणार?"

दुसऱ्या दिवसापासून बसण्याची तालीम सुरू झाली. आमच्या जेवणाच्या टेबलाची एक हातांची खुर्ची त्या भिंतीपाशी ओढायच्या, पाठ ताठ करून बसायच्या आणि मला विचारायच्या, "हात कुठे ठेवू?" मांडीवर ठेवले की त्यांना चुकल्यासारखं व्हायचं. पदर धरला तर तो चुरगळायचा. एकदा तर त्यांनी वाटाण्याच्या शेंगांची पाटी मांडीवर घेतली. "हे बघ, असे कसे छान राहतात!" मी हसले. त्याही हसल्या, आणि शेंगा सोलून टाकल्या. पैठणी तीच नेसायची ठरली, डाळिंबी रंगाची. ती सासऱ्यांनी घेतलेली नव्हती, मुलांनीही नाही. स्वतःच्या पेन्शनमधून घेतलेली.

इथे मला माझ्या विषयाबद्दल थोडं सांगायला हवं. इथल्या युनिव्हर्सिटीत मी मास्टर्स केलं ते नेमकं ह्यावरच: जपानी चित्रांनी युरोपातली कुटुंबचित्रं कशी बदलली. मास्टर्स केलंय एवढं घरी माहीत होतं, कशावर ते कुणी विचारलं नाही, एवढंच. पूर्वी युरोपातही आपल्या स्टुडिओसारखंच होतं. बाप मधे, बायको बाजूला, पोरं उंचीप्रमाणे, सगळ्यांची तोंडं समोर. मग जपानातून लाकडी ठशांची स्वस्त रंगीत चित्रं येऊ लागली आणि युरोपातल्या चित्रकारांचे डोळे उघडले. त्या चित्रांत माणूस कडेला निम्मा कापलेला असायचा. मधे नुसती मोकळी जमीन, तीही वरून पाहिल्यासारखी. सावल्या नाहीत, रंग सपाट. कुणी पाठमोरं, कुणी दारातून निघून जाणारं. युरोपातल्यांनी ते उचललं आणि कुटुंबाच्या चित्रात पहिल्यांदा खरं घर दिसायला लागलं. एका खोलीत बसून एकमेकांकडे न बघणारी माणसं. माझं त्यावर अतोनात प्रेम होतं. वर्गात हे शिकवताना माझा आवाज चढतो, असं पोरं म्हणतात.

चित्रकारीण भाऊजींच्या घरी आली तो रविवार होता, दुपारची वेळ. उंच, पांढऱ्या केसांची, हळू बोलणारी बाई. वाईट अजिबात नव्हती, हे आधीच सांगते. तिने सांगितलं, पोझ वगैरे काही नको, रोजच्यासारखे राहा, मी बघते आणि काढते. भाऊजी खिडकीशी उभे राहिले. त्यांची दोन मुलं गालिच्यावर फोन घेऊन पसरली. जाऊबाई सोफ्याच्या हातावर टेकल्या, माझा नवरा भिंतीला. कोपऱ्यातली जुनी लाकडी खुर्ची मी ओढून मधोमध ठेवली आणि आई तिच्यावर बसल्या. पाठ ताठ. हात एकावर एक, मांडीवर, अगदी रिकामे. इतक्या दिवसांची तालीम फळाला आली होती. त्यांच्या चेहऱ्यावर परीक्षेला बसलेल्या मुलीचं गांभीर्य होतं.

बाई कागदावर पेन्सिल फिरवत होती. थोडा वेळ गेला असेल नसेल, भाऊजींनी जांभई दिली. "आई, चहा होईल का गं? तुझ्या हातचा."

मी ताडकन म्हटलं, "मी करते."

"तू राहू दे गं. तुझा पाणचट होतो," भाऊजी म्हणाले. जाऊबाईंनीही री ओढली, "ह्यांना आईंचाच लागतो ना!"

आणि आई उठल्या. सवयच ती. पदर खोचला, स्वयंपाकघराच्या दाराकडे वळल्या, आणि त्याच क्षणी त्या बाईची पेन्सिल धावू लागली. मला ती धाव कळत होती. सगळ्या खोलीत ती एका मलाच कळत होती.

मी तिच्याजवळ गेले. म्हटलं, जरा थांब, त्या आता परत येतील, त्या खुर्चीवर बसायच्या आहेत.

"नो वरीज," ती हसून म्हणाली, "मला मिळाल्या त्या."

आई चहा घेऊन आल्या आणि पुन्हा खुर्चीवर बसल्या. बाईने चहा पिताना त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मी त्याच संध्याकाळी जाऊबाईंना सांगितलं की त्या बाईला फोन करा, आईंना बसलेलं काढायला सांगा, त्यांची तेवढी एकच इच्छा आहे. जाऊबाई म्हणाल्या, "अगं, आर्टिस्टला असं सांगायचं नसतं. तुला तर माहीत हवं."

सहस्रचंद्रदर्शनाच्या दिवशी आईंना ताटभर दिव्यांनी ओवाळलं. वेंटवर्थव्हिलच्या हॉटेलातून जेवण आलं होतं, हॅरिस पार्कहून पेढे. सगळं साग्रसंगीत. आणि मग भाऊजींनी चित्रावरचा कपडा ओढला.

चित्र सुंदर होतं. खोटं कशाला बोलू? खोली वरून पाहिल्यासारखी, गालिचा वर चढत गेलेला, पिवळा, सपाट, भलामोठा. त्याच्या एका टोकाला पोरं. खिडकीपाशी भाऊजी, पूर्ण, उजेडात, हात खिशात. जाऊबाई अर्ध्या वळलेल्या. माझा नवरा भिंतीसारखाच. माझी नुसती मान आणि अंबाडा. मधोमध ती लाकडी खुर्ची, रिकामी. आणि अगदी डाव्या कडेला, दाराच्या चौकटीत, चित्राच्या काठाने उभी कापलेली एक डाळिंबी पट्टी: एक खांदा, खोचलेला पदर, एक कान आणि अर्धा गाल.

टाळ्या वाजल्या. "वॉव, ती रिकामी खुर्ची बघा!" कुणी तरी म्हणालं. "काय सिम्बॉलिक आहे ना!" "सो जॅपनीज!" भाऊजी खूश. त्यांनी मला हात धरून पुढे ओढलं. "आमच्या घरचीच एक्स्पर्ट आहे. मास्टर्स केलंय हिने आर्टमध्ये. सांग गं सगळ्यांना." इतकी वर्षं मी ड्रॉइंग टीचर होते, त्या दिवशी एका झटक्यात एक्स्पर्ट झाले. कामापुरता मामा म्हणतात तो हाच.

मी तोंड उघडण्याआधी आई पुढे झाल्या. तीच पैठणी नेसलेल्या. त्यांनी चित्र वरपासून खालपर्यंत पाहिलं, मग स्वतःला शोधलं. सापडायला वेळ लागला.

"हे माझ्या तेराव्याचं आहे का रे?" त्या म्हणाल्या.

भाऊजी हसायला गेले. "काय गं आई! आज असं बोलतात का?"

"सगळी घरची मंडळी जमली आहेत आणि माझी खुर्ची तेवढी रिकामी. आपल्यात दुसरं कशाला म्हणतात ते सांग."

"आई, ती आर्ट आहे. तुला नाही कळायची." आणि मग माझ्याकडे वळून, "तू जरा समजावून सांग ना हिला. जपानी पद्धत वगैरे." म्हणजे मला शिकवलेल्या विद्येने मी त्यांच्या आईचं तोंड बंद करायचं होतं. मस्तकात तिडीक गेली माझ्या. वीस माणसं समोर नसती तर तो पेढ्यांचा डबा मी कुणाच्या तरी डोक्यात घातला असता.

आई स्वयंपाकघरात निघून गेल्या होत्या. मी मागोमाग गेले. त्या ओट्याला टेकून उभ्या होत्या.

"सांग," त्या म्हणाल्या. "त्याने सांगितलंय ना समजवायला? सांग."

मी सांगितलं. ठसे, मोकळी जमीन, कडेला कापलेली माणसं, सगळं. साध्या शब्दांत, जसं नववीच्या वर्गाला सांगते तसं. त्यांनी नीट ऐकलं. भाऊजींना वाटत होतं त्याच्या कितीतरी पट जास्त त्यांना कळत होतं.

"मग तिकडच्या चित्रांत असं कडेला कुणाला कापतात?" त्यांनी विचारलं. "म्हातारीलाच?"

"नाही हो. मी पाहिलेल्यांत पुष्कळदा बापाला. तो पाठमोरा, नाहीतर पेपरमागे, कडेला. सगळं घर त्याच्यापासून दूर सरकलेलं. तीच तर गंमत होती त्या पद्धतीची. मधला माणूस मधून उठवला."

"अस्सं." त्या जरा थांबल्या. "म्हणजे जपान्यांचं काही चुकलं नाही."

"नाही."

"त्या बाईचंही नाही. तिला जे दिसलं ते तिने काढलं."

हीच तर माझी आग होती. चित्र खोटं असतं तर मी फाडून टाकलं असतं. ते खरं होतं, शंभर टक्के खरं, आणि आईंना एका दिवसापुरतं, एका फ्रेमपुरतं ते खरं नको होतं. जन्मभर उभी राहिलेली बाई एकदा मधे बसायला मागत होती. तेवढं खोटं सगळ्या स्टुडिओवाल्यांनी सगळ्या सासवांसाठी केलं, आमच्या वेळी नेमकी ती रीत मोडायची बुद्धी झाली. आणि मोडली तीही अर्धीच. मधला माणूस उठवायचा तर खिडकीतला उठवायचा होता.

"घरोघरी मातीच्या चुली," आई म्हणाल्या आणि डोळे पुसून चहाचं आधण ठेवलं, कारण बाहेर माणसं होती.

त्यानंतरच्या थंडीत त्या आमच्याकडे आल्या. एका मंगळवारी माझी सुट्टी होती. मी तीच हातांची खुर्ची खोलीच्या मधोमध ठेवली आणि म्हटलं, "बसा."

"चहा?"

"मी करते. पाणचट तर पाणचट."

चहा करून आणला, त्यांच्या हातात दिला, त्यांनी तो पिऊन कप खाली ठेवला, आणि मी कोळसा आणि रंगीत खडू घेऊन समोर बसले. आयुष्यभर जे शिकले आणि शिकवलं ते सगळं गुंडाळून ठेवलं. सरळ समोरून, बरोबर मधे, पाठ ताठ, हात मांडीवर, पावलांसकट पूर्ण. गावातल्या स्टुडिओवाल्याने काढला असता अगदी तसा. पैठणी नव्हती, घरातलं सुती पातळ होतं, वर माझा स्वेटर. त्या मधेच विचारायच्या, "उठू का?" मी म्हणायचे, "खबरदार!"

झाल्यावर त्यांनी चष्मा लावून पाहिलं. "नाक केवढं काढलंयस!"

"आहेच तेवढं."

"तुझ्या नवऱ्याला दिलंय ते मीच." मग त्यांची नजर कागदाच्या खालच्या टोकाला गेली. "पायसुद्धा आले की गं," म्हणाल्या. आणि कागद माझ्याकडे परत देताना, "हे तिकडे नेऊ नकोस. तिकडे त्यांचं आहे."

आई गेल्या त्या सिडनीतच, भाऊजींच्या घरी. फार त्रास झाला नाही. दिवसकार्याच्या वेळी हार घालायला फोटो हवा होता, आणि तेव्हा कळलं की फोटोच नाही. सगळ्यांनी फोन बाहेर काढले. एवढ्या डॉक्टर, इंजिनिअर माणसांच्या फोनमध्ये हजारो फोटो, बीचचे, बार्बेक्यूचे, जेवणांच्या ताटांचे, आणि आईंचा एक धड नाही, ओवाळतानाच्या फोटोतही चेहऱ्याआड दिव्यांचं ताट. बाकी सगळीकडे त्या फोटोबाहेर निघालेल्या. जाऊबाई हार हातात घेऊन दिवाणखान्यात आल्या आणि गोंधळून तो त्या मोठ्या चित्राच्या फ्रेमलाच अडकवायला गेल्या.

"वहिनी! अहो काय करताय!" माझा नवरा ओरडला. "आम्ही सगळे जिवंत आहोत त्यात!"

जाऊबाईंच्या हातातून हार खाली पडला. इतका महागडा कॅनव्हास, आईंच्या नावाने करून घेतलेला, आणि आईंना हार घालायच्या कामाचा नाही. शेवटी व्हिसासाठी काढलेला पासपोर्टचा फोटो मोठा करून आणला. हसायचं नाही, कान दिसले पाहिजेत, मागे पांढरं. त्यात त्या कुणाच्याच आई दिसत नव्हत्या.

"तुझ्याकडे आहे का गं एखादा?" भाऊजींनी मला विचारलं होतं. मी सरळ "नाही" म्हटलं. नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं आणि मान फिरवली. आजही मला त्या नकाराचं वाईट वाटत नाही. एकदा समजावून सांगायला लावलं होतं, तेवढं बस झालं.

महिन्याभराने एका रविवारी भाऊजी वॉलॉंगॉंगला आले, आईंची पैठणी घेऊन. "तुलाच असू दे असं ही म्हणाली," म्हणाले. पिशवी टेबलावर ठेवली आणि समोरच्या भिंतीकडे बघत राहिले. मी चित्र लपवून ठेवलेलं नव्हतं. जेवणाच्या टेबलासमोरच टांगलेलं होतं, हार न घालता.

"हे कधी काढलंस?"

"मागच्या थंडीत."

"तू तर नाही म्हणालीस."

"त्यांनी तिकडे नेऊ नकोस म्हणून सांगितलं होतं."

भाऊजी खरंच रडायला लागले. मला दया आली, नाही असं नाही. मग त्यांनी खरोखरच न कळून विचारलं, "आई अशी कधी बसायची गं?"

"दुसऱ्या कुणी चहा केला की."

त्यांनी मान हलवली. रुमालाने डोळे पुसले, चित्राखालची ती हातांची खुर्ची ओढली, तिच्यावर बसले आणि मागे रेलले. "डोकं चढलंय ड्राइव्ह करून," म्हणाले. "जरा चहा टाकतेस का?"

आणि मी उठले. शप्पथ, माझी मी उठले. पाच पावलं चालून स्वयंपाकघराच्या दारापर्यंत पोचलेसुद्धा, एक पाय आत, आणि तिथे मला त्या पिवळ्या गालिच्याच्या कडेची डाळिंबी पट्टी आठवली. मी परत आले. भाऊजींच्या समोरची खुर्ची ओढली आणि बसले. दोन्ही हात मांडीवर ठेवले.

"पावडर ओट्यावरच्या डब्यात आहे, भाऊजी," मी म्हटलं. "दूध फ्रिजमध्ये. मला साखर कमी."